कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लहान कुत्र्याची शुश्रूषा : शरीरक्रियादृष्ट्या विचार

विषयप्रवेश

डॅक्सहुंड जातीचा पाच-सहा वर्षांचा एखादा कुत्रा सायंकाळपर्यंत घरात नेहमीप्रमाणे वावरत असतो. रात्री तो पाठ कमानीसारखी वाकवून एका जागी थरथरत उभा राहतो, उचलू गेल्यास कळवळतो, आणि सकाळी त्याचे मागील दोन्ही पाय शरीरामागून फरफटत असल्याचे आढळते. लहान प्राण्यांच्या चिकित्सकास हे दृश्य अपरिचित नाही. कण्यातील एखादी चकती फुटून तिच्यातील द्रव्य मज्जारज्जूवर आदळल्यामुळे असे होते. ते द्रव्य शस्त्रक्रियेने काढून टाकता येते. परंतु शस्त्रक्रिया यथासांग पार पडली असे सांगण्यात आल्यावर काही दिवसांनी जो कुत्रा घरी येतो, तो पुष्कळदा पूर्वीइतकाच लुळा असतो.

येथून पुढे दोन प्रकारच्या चुका संभवतात. बिघाड दूर करूनही कुत्रा चालत नाही, तेव्हा आता आशा उरली नाही, असे समजून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच त्याचे जीवन संपविण्याचा निर्णय घेतला जातो, ही एक चूक. उलटपक्षी, पायाची कोणतीही हालचाल दिसली की ती सुधारणा मानावयाची आणि त्या भरात मूत्राशयासारख्या अधिक निकडीच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करावयाचे, ही दुसरी. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. शस्त्रक्रिया काय करते आणि काय करीत नाही, याची स्पष्ट कल्पना नसते. प्रस्तुत लेखात शस्त्रक्रियेच्या तंत्राचा ऊहापोह करावयाचा नसून, तिच्यानंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत कुत्र्याच्या शरीरात काय घडत असते व त्याच्या शुश्रूषेस कोणता शरीरक्रियात्मक आधार आहे, एवढाच विचार करावयाचा आहे.

चकतीची रचना आणि तिचा ऱ्हास

कुत्र्याच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १३, कमरेचे ७ आणि त्रिकास्थीचे ३ मणके असतात. शेपटीचे मणके निराळे. पहिले दोन मणके आणि एकजीव झालेले त्रिकास्थीचे मणके वगळता लगतच्या प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिचे बाहेरील कडे चिवट तंतूंचे असून आतील गाभा लहान वयात गरासारखा मऊ व पाणीदार असतो. भ्रूणावस्थेतील पृष्ठरज्जूचा हा अवशेष होय. धक्के सहन करणे व कण्यास लवचिकपणा देणे हे चकतीचे कार्य गाभ्यातील पाण्यावर अवलंबून असते.

स्वीडनमधील संशोधक हान्सेन यांनी १९५१ व १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, डॅक्सहुंड, पेकिनीज यांसारख्या आखूड पायांच्या जातींत हा गाभा वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच पाणी गमावून कूर्चेसारखा होतो व पुढे त्यात चुना साठतो. असा शुष्क गाभा दाब सर्वत्र सारखा पसरवू शकत नाही. कड्याचे तंतू झिजतात आणि एके दिवशी, बहुधा वयाच्या तिसऱ्या ते सातव्या वर्षांच्या दरम्यान, ते फाटून आतील खडूसारखे द्रव्य वेगाने वर उसळते. वर मज्जारज्जू असतो. हान्सेन यांनी या प्रकारास पहिला प्रकार म्हटले. मोठ्या जातींच्या वयस्क कुत्र्यांत चकती न फुटता हळूहळू फुगून दाब देते, तो दुसरा प्रकार. आपला संबंध पहिल्या प्रकाराशी आहे.

या ऱ्हासाचे आनुवंशिक कारण अलीकडे उलगडले आहे. अस्थींच्या वाढीशी संबंधित अशा एका जनुकाची जादा प्रत अठराव्या गुणसूत्रावर आल्याने पाय आखूड होतात, हे २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. त्याच जनुकाची आणखी एक प्रत बाराव्या गुणसूत्रावर असून चकतीच्या अकाली ऱ्हासाशी तिचा निकट संबंध आहे, हे २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. जर्मनीत बिळात शिरून शिकार करण्यासाठी माणसाने जे ठेंगणे, लांबट शरीर निवडीने घडविले, त्याच्या मागोमाग हा रोगही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. डॅक्सहुंडांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यास आयुष्यात केव्हातरी चकतीचा विकार होतो, असा अंदाज आहे. फ्रेंच बुलडॉग, बीगल, शिह त्झू या जातीही या रोगास बळी पडतात. म्हणून सोफ्यावरून मारलेल्या उडीस अथवा मुलांच्या खेळास दोष देणे सर्वस्वी न्याय्य नाही. उडी हे निमित्त असते. तयारी पुष्कळ आधीपासून झालेली असते.

चकती फुटण्याची जागाही यदृच्छेने ठरत नाही. छातीच्या बहुतेक भागात डाव्या-उजव्या बरगड्यांची डोकी जोडणारा एक आडवा बंध चकतीच्या वरून जातो व तिला आधार देतो. शेवटच्या बरगड्यांपाशी हा बंध नसतो. शिवाय ताठ छाती व लवचिक कंबर यांचा सांधाही तेथेच येतो. त्यामुळे बाराव्या व तेराव्या छाती-मणक्यांमधील आणि त्यापुढची चकती सर्वांत अधिक वेळा फुटते. परिणामी पुढील पाय शाबूत राहतात, मागील पाय व मूत्राशय बाधित होतात.

शस्त्रक्रिया काय साधते

मज्जारज्जूस होणारी इजा दुहेरी असते. फुटलेले द्रव्य वेगाने आदळल्यामुळे जो आघात होतो, तो एक. आणि ते द्रव्य तेथेच साचून राहिल्यामुळे जो दाब टिकतो, तो दुसरा. आघात त्या क्षणीच होऊन गेलेला असतो. त्यानंतर काही तास व दिवस सूज, रक्तपुरवठ्यातील घट आणि मृत पेशींतून सुटलेली रसायने यांमुळे हानी वाढत जाते. मणक्याच्या कमानीचा एका बाजूचा भाग कोरून काढून आतील द्रव्य बाहेर काढण्याची पद्धत १९५० च्या दशकात रूढ होऊ लागली व आज तीच मुख्यतः वापरली जाते. तिने दाब दूर होतो. होऊन गेलेला आघात मात्र दूर करता येत नाही. पुष्कळ शल्यचिकित्सक त्याच वेळी शेजारच्या जीर्ण चकत्यांस लहान छेद देऊन त्यांचाही गाभा काढून टाकतात. त्याचा हेतू पुढील काळातील पुनरावृत्ती टाळणे हा असतो.

मग कुत्रा बरा होतो तो कसा? मज्जारज्जूतील तुटलेले अक्षतंतू पुन्हा वाढून जोडले जातात, असे सहसा होत नाही. परंतु सर्वच तंतू तुटलेले नसतात. काहींचे केवळ वहन थांबलेले असते. सूज ओसरली की ते पूर्ववत होते. काहींचे मेद-आवरण नष्ट झालेले असते. ते आठवड्यांच्या अवधीत अंशतः पुन्हा तयार होते. शिवाय उरलेले तंतू नवे संबंध जोडून अधिक काम अंगावर घेतात. मांजरांवरील प्रयोगांतून असे दिसले आहे की, एकूण अक्षतंतूंपैकी दहांत एक किंवा त्याहूनही कमी शिल्लक असले तरी चालणे शक्य होते. मज्जारज्जूची ही शिल्लक किती आहे, यावर सारे भवितव्य अवलंबून असते. तिचा अंदाज घेण्याचे मुख्य साधन म्हणजे मागील पायांतील खोल वेदनेची जाणीव. शस्त्रक्रियेपूर्वी ती जाणीव असलेल्या कुत्र्यांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक पुन्हा चालू लागतात. जाणीव गेलेल्यांपैकी शंभरांत सुमारे पन्नास ते साठ चालू लागतात. म्हणजे अत्यंत गंभीर गटातही निम्म्यांच्या आसपास कुत्रे बरे होतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चिन्हांचा अर्थ

पायाचे बोट चिमटीत दाबले असता लुळ्या कुत्र्याचा पाय झटकन आखडतो. पाहणारा म्हणतो, त्यास कळले. वस्तुतः यावरून कळले की नाही हे ठरत नाही. बोटापासून निघालेली संवेदना कमरेच्या भागातील मज्जारज्जूपर्यंत जाते व तेथूनच स्नायूंना आज्ञा परतते. मेंदूपर्यंत वार्ता पोहोचण्याची आवश्यकता नसते. मानेपाशी मज्जारज्जू छेदलेल्या कुत्र्याच्या खांद्यावरील त्वचेस गुदगुल्या केल्यास त्याचा मागील पाय बिनचूक खाजविण्याची क्रिया करतो, हे शेरिंग्टन यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. १९०६ सालच्या त्यांच्या ग्रंथात प्रतिक्षिप्त क्रियांचे जे विवेचन आहे, ते रोगशय्येपाशी उभे राहून लागू करण्याचा हा प्रसंग होय.

खोल वेदनेची जाणीव आहे असे केव्हा म्हणावयाचे? हाडावर दाब देताच कुत्रा मान वळवून पाहील, कण्हेल, चावण्यास येईल, निदान त्याच्या बाहुल्या विस्फारतील, तेव्हा. ही परीक्षा चिकित्सकाने करावयाची आहे; घरी वारंवार चिमटे काढून पाहण्यात काही हशील नाही. मात्र घरातील माणसास एक चिन्ह सर्वांपेक्षा चांगले ओळखता येते. ते म्हणजे शेपूट. गुदद्वार पुसताना शेपूट हलली तर ती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. पण दारात घरच्या माणसाची चाहूल लागताच, किंवा आपले नाव ऐकताच ती हलली, तर मेंदूकडून निघालेली आज्ञा इजेच्या जागेपलीकडे पोहोचली असे अनुमान करता येते. पाय हलण्यापूर्वी कित्येक दिवस हे चिन्ह दिसू शकते, म्हणून त्याची तारीख टिपून ठेवावी.

सुधारणेचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो. प्रथम खोल वेदनेची जाणीव परतते, नंतर शेपटीची ऐच्छिक हालचाल, त्यानंतर पडल्या जागी पायांची क्षीण हालचाल. पुढे आधार दिल्यास कुत्रा भार पेलू लागतो. मग अडखळती, एकमेकांत गुंतणारी पावले पडतात. पंजा उलटा टेकल्यास तो आपण होऊन सरळ करण्याची जाण सर्वांत शेवटी येते, आणि काहींत ती कायमची अपुरी राहते. वेदनेची जाणीव शाबूत असलेले बहुतेक कुत्रे शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांत चालू लागतात. ती गेलेल्यांत ती बहुधा पहिल्या चार आठवड्यांत परतते. चालण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागू शकतो. यावरून, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कुत्रा चालत नाही एवढ्याच कारणाने निराशेचा निर्णय घेणे शास्त्रीय नाही, हे स्पष्ट होईल.

याला एक दुःखद अपवाद आहे. वेदनेची जाणीव गेलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे दहांत एकाच्या मज्जारज्जूचा क्षय इजेच्या जागेपासून वर व खाली पसरत जातो. पूर्वी ताठ असलेले मागील पाय शिथिल पडतात, पोटाचे स्नायू सैल होतात, ताप येतो, बधिरतेची सीमा डोक्याच्या दिशेने सरकते व शेवटी पुढील पाय आणि श्वसन बाधित होते. ही लक्षणे बहुधा पहिल्या काही दिवसांत प्रकट होतात. यावर उपाय नाही. अशा वेळी प्राण्यास यातनांतून सोडविणे हेच कर्तव्य ठरते, आणि तेथे विलंब करणे क्रौर्याचे होईल.

मूत्राशय

घरच्या शुश्रूषेत सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत उपेक्षित असे इंद्रिय मूत्राशय होय. पाय चार आठवडे हलले नाहीत तरी फारसे बिघडत नाही. मूत्राशय एक-दोन दिवस तुंबून राहिले तर त्याचा स्नायू ताणून निकामी होऊ शकतो, आणि कुत्रा पुढे चालू लागला तरी मूत्रविसर्जनाची तक्रार मागे राहते.

इजा छाती व कंबर यांच्या सीमेवर असली तर मूत्राशयाशी संबंधित खालची मज्जाकेंद्रे सुरक्षित असतात, पण मेंदूचे नियंत्रण तुटलेले असते. त्यामुळे मूत्रमार्गाचा संकोचक स्नायू घट्ट आवळलेला राहतो. मूत्राशय भरत जाते, त्यातील दाब संकोचकाच्या जोरापेक्षा अधिक झाला की थोडे मूत्र ओसंडते आणि मार्ग पुन्हा मिटतो. अंथरुणावर ओल दिसते. घरचे लोक समाधानाने म्हणतात, आता लघवी होऊ लागली. प्रत्यक्षात ती भरलेल्या रांजणातून सांडलेल्या पाण्यासारखी असते. रांजण भरलेलाच राहतो. ओल दिसल्यानंतर पोट चाचपून मूत्राशय खरोखर रिकामे झाले की नाही हे पाहणे, हाच यावरील एकमेव खात्रीचा मार्ग आहे.

मूत्राशय हाताने दाबून रिकामे करण्याची रीत कुत्रा घरी नेण्यापूर्वी चिकित्सकासमोर स्वतः करून शिकून घ्यावी. वाचून ती येत नाही. पोटाच्या मागील भागात दोन्ही बाजूंनी तळवे ठेवून, लहान नारळाएवढा किंवा लिंबाएवढा जो गोल लागेल त्यावर हळूहळू वाढता व स्थिर दाब द्यावा लागतो. बोटांनी खुपसणे किंवा हिसका देणे धोक्याचे आहे. हे दिवसातून तीन-चार वेळा, म्हणजे सहा ते आठ तासांच्या अंतराने करावे. संकोचक फार घट्ट असल्यास तो सैल करणारी औषधे चिकित्सक देतात. त्यानेही न भागल्यास नळी घालावी लागते.

साचलेल्या मूत्रात जंतूंची वाढ सहज होते. निरोगी कुत्र्यास अशा वेळी जळजळ होऊन तो वारंवार बसतो. येथे मात्र जाणीवच मंद असल्याने तक्रार व्हावयाची नाही. म्हणून गढूळपणा, उग्र दर्प किंवा रक्ताची छटा यांकडे लक्ष ठेवावे व शंका येताच मूत्राची तपासणी करून घ्यावी. मलविसर्जनाचा प्रश्न त्या मानाने सोपा असतो. ते प्रतिक्षिप्त रीतीने आपोआप होते, फक्त केव्हा होईल ते कुत्र्यास कळत नाही.

विश्रांती आणि हालचाल

शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यास चार ते सहा आठवडे मर्यादित जागेत ठेवावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. त्याचे कारण मज्जारज्जू विश्रांतीने बरा होतो, असे नव्हे. फाटलेल्या चकतीचे कडे भरून येईपर्यंत उरलेले द्रव्य पुन्हा बाहेर पडू नये आणि कापलेल्या स्नायूंना जुळण्यास अवधी मिळावा, हे त्याचे कारण होय. त्यामुळे विश्रांतीचा अर्थ उडी, जिना, झटापट आणि एकाएकी वळणे यांचा निषेध असा घ्यावयाचा. निश्चलता असा नव्हे. उभे राहता येईल, वळता येईल व पाय पसरून निजता येईल एवढा पिंजरा अथवा आडोसा पुरेसा असतो.

पूर्ण निश्चलतेचे दुष्परिणाम थोड्या दिवसांतच दिसू लागतात. न वापरलेले स्नायू झपाट्याने रोडावतात, सांधे आखडतात, आणि हाडांच्या उंचवट्यांवरील त्वचा दबून तेथे शय्याव्रण होतात. म्हणून जो कुत्रा स्वतः कूस बदलू शकत नाही त्यास दर चार-सहा तासांनी कुशीवर फिरवावे. अंथरूण जाड व कोरडे असावे. मूत्राने भिजलेली कातडी भाजल्यासारखी सोलवटते, तेव्हा ती कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यावी. दिवसातून तीन वेळा प्रत्येक मागील पायाचा प्रत्येक सांधा, त्यास सहन होईल तेवढाच, दहा-पंधरा वेळा सावकाश वाकवून सरळ करावा. पोटाखालून पंचाची पट्टी घालून मागील भाग उचलून धरावा व पंजे जमिनीस सरळ टेकवून काही क्षण उभे करावे. हा सर्व क्रम शल्यचिकित्सकाने संमती दिल्यावरच सुरू करावा.

आपल्याकडील शहरी घरांतील गुळगुळीत फरशी या अवस्थेत मोठा शत्रू ठरते. भार पेलण्याचा प्रयत्न करणाऱ्या कुत्र्याचे पाय दोहोंकडे फाकतात, आणि प्रत्येक पडण्याबरोबर कण्यास पीळ बसतो. जाड सतरंजी, रबरी चटई किंवा पायपुसण्यांची ओळ एवढ्यानेही मोठा फरक पडतो. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील भागाखाली घालून पाठ जमिनीस समांतर ठेवावी. पुढील पाय धरून उचलणे सर्वथा वर्ज्य होय. फिरावयास नेताना गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा वापरावा. हालचाल घटली असल्याने आहारही घटविला पाहिजे. वाढलेले वजन दुर्बल पायांना पेलत नाही.

वेदनाशामकांविषयी एक इशारा आवश्यक आहे. माणसांसाठी घरात ठेवलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे कुत्र्यास कधीही देऊ नयेत. त्यांनी जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याचप्रमाणे स्टेरॉइड व इतर दाहशामक ही एकाच वेळी दिल्यास आतड्यास भोक पडण्यापर्यंत मजल जाते. पूर्वी दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव चिकित्सकास सांगणे हे म्हणूनच मालकाचे कर्तव्य होय.

उपचारांचे मूल्यमापन

संशोधकाच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत बोधप्रद भाग येथे येतो. पाण्यातील चालपट्टा, विद्युत्-उत्तेजन, मंद लेसर, सूचिवेध असे अनेक उपचार शस्त्रक्रियेनंतर सुचविले जातात. ज्यांनी ते करून घेतले त्यांचा अनुभव बहुधा अनुकूल असतो. पण ज्या गटातील शंभरांत नव्वद कुत्रे एरव्हीही चालू लागतात, त्या गटात कोणताही उपचार शंभरांत नव्वद वेळा यशस्वी ठरणारच. तुलनेसाठी दुसरा गट घेतल्यावाचून उपचाराचे श्रेय ठरविता येत नाही.

या कसोटीवर काही प्रयोग झाले आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात पार पडलेल्या प्रयोगात वेदनेची जाणीव शाबूत असलेले ३० कुत्रे शस्त्रक्रियेनंतर यदृच्छया दोन गटांत विभागण्यात आले. एका गटास साधे व्यायाम, दुसऱ्यास दोन आठवडे सखोल पुनर्वसन देण्यात आले. परीक्षकांस कोणता कुत्रा कोणत्या गटातील हे ठाऊक नव्हते. चालण्याच्या सुधारणेत दोन गटांत अंतर आढळले नाही. लेसरच्या बाबतीत २०१२ मधील एका प्राथमिक अभ्यासात कुत्रे लवकर चालू लागल्याचे दिसले. २०१७ मधील यदृच्छया विभागणी केलेल्या अभ्यासात तसा लाभ दिसला नाही. माणसांतील १९९० च्या एका मोठ्या प्रयोगानंतर ज्या स्टेरॉइडवर फार विश्वास टाकला गेला, त्याचाही तीव्र इजा झालेल्या कुत्र्यांस अधिक लाभ होत नाही, असे २०१६ च्या तुलनात्मक प्रयोगात निष्पन्न झाले.

यावरून शुश्रूषा निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. २०१८ च्या प्रयोगातील दोन्ही गटांस मूत्राशयाची निगा, स्वच्छता व साधे व्यायाम मिळतच होते. फक्त खर्चिक उपचारांची जोड दिल्याने त्यात भर पडली नाही, एवढेच सिद्ध झाले. शिवाय वेदनेची जाणीव गेलेले कुत्रे त्यात समाविष्ट नव्हते. तेव्हा तो निष्कर्ष त्यांना लागू करता येत नाही. मात्र ज्या कुटुंबास शस्त्रक्रियेचाच खर्च कसाबसा झेपला आहे, त्यास या निष्कर्षाने दिलासा मिळावा. सतरंजी, पंचा, कोमट पाणी आणि घड्याळाकडे लक्ष यांवर होणारी निगा ही दुय्यम प्रतीची निगा नव्हे.

जाणीव न परतलेले कुत्रे

काही कुत्र्यांत वेदनेची जाणीव कधीच परतत नाही. तरीही त्यांपैकी काही कालांतराने पावले टाकू लागतात. कमरेच्या भागातील मज्जारज्जूत पावलांचा ताल उत्पन्न करणारी चेताजाले असतात. मेंदूशी संबंध नसतानाही मज्जारज्जू हा ताल निर्माण करू शकतो, हे ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्येच मांजरावरील प्रयोगाने दाखविले होते. कुत्र्यांत हे चालणे सरावाने साध्य होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ८१ कुत्र्यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिकांनी ते साध्य केले होते, आणि हलक्या वजनाच्या व तरुण कुत्र्यांस ते अधिक सुलभ गेले. पण ही चाल डगमगती असते, मागील पाय पुढील पायांशी मेळ राखीत नाहीत, व मलमूत्रावरील ताबा परत येत नाही.

केंब्रिज येथील संशोधकांनी २०१२ मध्ये घरगुती पाळीव अशा ३४ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, कुत्र्याच्याच नाकातील श्लेष्मल पटलापासून वाढविलेल्या पेशी इजेच्या जागी सोडल्या असता पुढील-मागील पायांचा मेळ काहीसा सुधारल्याचे दिसून आले. मूत्राशयावरील ताबा वा मेंदूपर्यंतचे वहन मात्र सुधारले नाही. माणसाच्या मज्जारज्जूच्या इजेवर उपाय शोधणाऱ्यांस नैसर्गिक रीतीने इजा झालेले हे लहान कुत्रे महत्त्वाचे वाटतात, ते याचमुळे.

ज्यांना एवढेही साधत नाही, त्यांना मागील भागास आधार देणारी दोन चाकांची गाडी वापरता येते. अशा कुत्र्यास वेदना नसतात. तो खातो, खेळतो, माणसे ओळखतो. त्याचे जीवन सुसह्य आहे की नाही, हे त्याच्या पायांवरून ठरत नाही. त्याचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षे, रिकामे करणारे कोणी घरात आहे काय, यावर ते ठरते. हा प्रश्न मालकाने स्वतःस प्रामाणिकपणे विचारावा, आणि चिकित्सकाने तो संकोच न करता त्याच्यापुढे मांडावा.

समारोप

सारांश, शस्त्रक्रिया मज्जारज्जूवरील दाब दूर करते. सुधारणा शिल्लक राहिलेल्या तंतूंकडून, त्यांच्या गतीने होते. ती गती घाईने वाढविता येत असल्याचा भक्कम पुरावा आज उपलब्ध नाही. मधल्या काळात तुंबलेले मूत्राशय, व्रण, आखडलेले सांधे व पुन्हा फुटणारी चकती यांपासून प्राण्याचे रक्षण करणे, हेच शुश्रूषेचे खरे कार्य होय. आखडणारा पाय आणि ओले अंथरूण ही आश्वासक भासणारी चिन्हे फसवी असू शकतात. घरच्या माणसास पाहून हललेली शेपूट अधिक विश्वासार्ह असते. पहिल्या काही दिवसांत मज्जाक्षयाची लक्षणे नसतील आणि कुत्रा यातनांत नसेल, तर निदान चार आठवडे वाट पाहावी, मग विचार करावा. कुत्र्यास घरी पाठविताना औषधांच्या यादीबरोबर एवढी माहिती लेखी स्वरूपात दिली गेली, तर अकाली संपणारी काही आयुष्ये वाचतील.